तळ्याचे मासे मागणारे दामोदर गुरुजी

अंदमानातल्या बंदरावरची कारकुनी सोडून दामोदर गुरुजी आमच्या गावच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा मी तेथे मदतनीस शिक्षक होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना समुद्रातल्या पोवळ्यांची हकीकत सांगितली. पोपटासारखी चोच असलेला एक मासा तिथे दिवसभर खडकावरचे शेवाळ खरवडतो. जिथे लोकांनी ते मासे धरून नेले, तिथे पोवळे शेवाळाखाली गुदमरून मेले. वर्ग हसला, मीही हसलो. ‘पोपटमास्तर’ हे नाव त्यांना मीच ठेवले, हे या गौरवग्रंथात नमूद असावे.

पुढे आमच्या सोवळ्या पुढाऱ्यांनी ठरवले, की पिण्याच्या तळ्यातले मासे काढून पाणी शुद्ध करायचे. सभेत गुरुजी हात जोडून उभे राहिले. “हासा मले, पन मासे काढू नका. तळ्याचं शेवाळ मंग खाईन कोन?”

एक पुढारी म्हणाले, “मास्तर, देवाले याच पान्यानं आंघोळ घालतो आपन. मासे त्यात हागतात, अन् तुमी त्यायले ठेवा म्हनता?”

सभा पोट धरून हसली. तहसिलीत द्यायचा अर्ज मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिला. जाळी पडली. दुसऱ्या उन्हाळ्यात पायऱ्या हिरव्या झाल्या, पाण्याला घाण सुटली आणि बाया कोसभर पैनगंगेवर जाऊ लागल्या. त्यांत गुरुजींच्या पत्नीही होत्या. माझी मुलगी तापाने पडली, तेव्हा त्यांच्या घागरीतले अर्धे पाणी रोज माझ्या घरी येई. मला लाज वाटली, अजून वाटते. गुरुजी एवढेच म्हणाले, “पोरीले उकळून द्या, बरं.”

गुरुजींनी दोनदा उंद्री गावाहून हंड्यात मासे आणून तळ्यात सोडले. दोन्ही वेळा शुद्धीवाल्यांनी ते उपसले.

आता तीच मंडळी गुरुजींची साठी साजरी करीत आहेत. काय हवे, असे विचारायला आम्ही गेलो. “शाल नको. पाच वर्सं तळ्यात जाळं टाकू नका, बस.” सत्कार समितीत दोन्ही विषय निघाले. शाल एकमताने मंजूर झाली. जाळ्याचा विषय पुढे ढकलला.

शेवाळ हटायला पाच वर्षे लागतील, असे गुरुजी म्हणतात. आम्हांला अक्कल यायला किती लागतील, ते कुणीच सांगू शकत नाही. परमेश्वराने गुरुजींना तेवढे आयुष्य द्यावे, आणि तोवर धडधाकट ठेवावे.