झाकणांवर लिहिलेली गावं

"वन्सं, हे उठतच नाहीयेत," वहिनी जिन्यात उभी राहून म्हणाली, आणि मी मेलीनं काय म्हणावं? "झोपू दे की गं, रोज कुठं झोपतो तो!" आषाढातली सकाळ, जीव नकोसा करणारा उकाडा, लाइट गेलेली, मी चहाचं आधण ठेवत होते. वहिनी तशीच उभी. मग मी वर गेले... दादा भिंतीकडे तोंड करून निजला होता. पाठीला हात लावल्याबरोबर मला कळलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणोत बापडे. माझा भाऊ गेल्या हिवाळ्यातच संपला होता, आणि तो कशानं संपला ते मला सांगायचं आहे.

आम्ही काशीचे मराठी. वडील दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची कार्यं करायचे, दादाही तेच करणार असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं. हा पठ्ठ्या भूगर्भशास्त्र शिकला आणि केंद्र सरकारच्या भूविज्ञान खात्यात लागला. गल्लीतल्या चाचीनं विचारलं, "भइया, सोना-वोना मिला?" दादा म्हणाला, "मिट्टी मिली, चाची." खोटं नव्हतं ते. सोबत्यांना डोंगर मिळाले, खाणी मिळाल्या. याच्या वाट्याला गंगेचं मैदान आलं, जिथं खणावं तितकी मातीच. जमिनीत खोल नळी घालायची आणि आतल्या मातीचा लांब, गोल तुकडा अखंड वर काढायचा. त्याला ते कोअर म्हणत. तो उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा, अर्धा लाकडी पेटीत जपून ठेवायचा. पुढं कुणाला नवा प्रश्न पडला तर असावा म्हणून. आणि चिरताना चिमूटभर माती पुढच्या दातांत धरून पाहायची. कचकच लागली तर गाळ, लोण्यासारखी निसटली तर खरी चिकणमाती. त्यांच्यात सगळेच करतात म्हणे हे. वडिलांना मात्र ते शेवटपर्यंत झेपलं नाही. "लोक गंगेची माती कपाळाला लावतात, आणि आमचे चिरंजीव खातात!"

घरचा गणपतीही त्याच मातीचा, दादाच्या हातचा. ज्येष्ठात, पाणी चढायच्या आत, राजा घाटावरून नाव करून तो माती आणायला जाई. परत आला की घमेलं खाली ठेवण्याआधी पत्ता सांगणार, "कुंदे, ही रामनगरच्या अंगाची, वळणाखालची, कोपरभर खोल खणल्यावर मिळाली." मी वैतागायचे. "गणपतीला पत्ता कशाला रे? त्याला काय कुणी पत्र घालणार आहे?" तर म्हणायचा, "पत्ता गेला की नुसता चिखल उरतो, कुंदे."

त्याचं खरं काम गंगेकाठच्या अशा गावांतलं, जिथं हातपंपाचं पाणी दिसायला स्वच्छ आणि आत संखिया. आर्सेनिक म्हणा. लोकांच्या तळहातांना गाठी येतात, अंगावर डाग पडतात, मुलींची लग्नं अडतात. दादाचं म्हणणं असं, की विष वरच्या थरातल्या पाण्यात आहे, खाली चांगलं पाणी आहे आणि दोहोंच्या मधे चिकणमातीचं जाड झाकण आहे. ते जिथं शाबूत, तिथं खालचं पाणी निर्धास्त प्यावं. ते कुठं शाबूत आहे आणि कुठं फाटलंय, याचा नकाशा त्याला करायचा होता. रिटायर झाला तेव्हा नकाशा अर्धाच झाला होता. पण खात्याच्या शेडमध्ये पेट्या होत्या, आणि परवानगी काढून हा रोज तिथं जायचा. "पेट्या आहेत तोवर नकाशा होईल," म्हणायचा.

घात कुठं झाला पाहा. तरुणपणी यानंच टूम काढली होती, की गावाचं नाव आणि खोली पेटीवर न लिहिता पेटीच्या झाकणावर लिहायची. पेट्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडलेल्या, उभ्या उभ्या वाचता येतं, वाकायला नको. साहेबांनी तेव्हा पाठ थोपटली, सगळ्यांनी तसंच सुरू केलं. मग गेल्या पावसाळ्यानंतर शेड रिकामी करायचं ठरलं. दादाला कुणी कळवलं नाही. रिटायर माणसाला कोण कळवतं? हमालांनी ओझं हलकं व्हावं म्हणून झाकणं काढली, ती एका ट्रकमधून नेली, पेट्या दुसऱ्यातून. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. दादा नव्या गोदामात पोचला तेव्हा एका कोपऱ्यात गावांच्या नावांचा ढीग होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात मातीच्या पेट्यांचा.

अख्खा हिवाळा तो तिथं बसला. मी डबा घेऊन जायचे. एखादी पालथी पेटी, तिच्यावर हा, गळ्यात मफलर. जुन्या नोंदी मांडीवर, पण माती वाळून, तडकून सगळी एकाच राखाडी रंगाची झालेली. चिमूट ओली करायचा, दातांत धरायचा, डोळे मिटायचा. "ही त्या शाळेजवळची..." मग डोळे उघडायचा. "नाही गं. नाही सांगता येत." मला राग आवरेना. म्हटलं, "पुन्हा नळी घाला की! जमीन कुठं पळून गेलीय?" म्हणाला, "घालता येईल. घालणार कोण? आणि तोवर ज्यानं त्यानं बोअर मारून जमिनीतल्या त्या झाकणाची चाळण केलेली असेल."

शेवटी एक तरुण अधिकारी आला. भला मुलगा, बोलायला अदबीचा. "सर, बिना नाम के सैंपल का हम क्या करें?" दादा म्हणाला, "सही बात है." एवढंच! मला वाटलं, भांडेल, ओरडेल, कुणाच्या तरी नावानं बोटं मोडेल. आवारात एक खड्डा होता, त्यात ती सगळी माती लोटली. दादा उभा राहून बघत होता. घरी आला, हात धुतले आणि म्हणाला, "भरला गं खड्डा." मग मफलर काढून खुंटीला अडकवताना... "झाकणं निघतात, कुंदे. काढण्यासाठीच असतात ती. एवढं मला कळायला हवं होतं." त्यानंतर तो फारसा बोललाच नाही. अर्धा नकाशा कपाटावर गुंडाळून पडला आहे. त्या गावांतली माणसं तेच पाणी पिताहेत, आजही. भेटायला आलेले म्हणतात, माणूस जातो, काम मागं उरतं. काय उरलं हो? मला दाखवा तरी.

यंदाच्या ज्येष्ठात तो माती घेऊन आला, मागच्या व्हरांड्यात घमेलं ठेवलं, वरचं ढेकूळ उचलून दातांनी पाहिलं, परत ठेवलं आणि ओलं फडकं टाकून वर गेला. पत्ता सांगितला नाही. मला वाटलं, सांगेल जेवताना.

आता घरात वर्षभर सण नाहीत, गणपती नाही. परवा वहिनी म्हणाली, "वन्सं, ती माती सोडून येऊ का गंगेत?" मी फडकं काढलं. माती दगड झाली होती, आणि वरच्या ढेकळावर दादाच्या पुढच्या दोन दातांची खूण, एक जरा तिरका, लहानपणापासूनचा. मी शिवणाच्या डब्यातला दाभण आणला. म्हटलं, झाकणावर नाही, कागदावर नाही, थेट मातीवरच कोरायचं, म्हणजे कुणाच्या बापाला वेगळं करता येणार नाही. टोक टेकवलं आणि हात थांबला. कुठली माती ही? वहिनीला विचारलं, तिला माहीत नव्हतं. राजा घाटावर गेले. पाणी चढलेलं, नावा बंद, दादाला नावेतून नेणारा आमचा मल्लाह वरच्या पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "बाबूजी तो उस दिन कई जगह उतरे थे, दीदी. कौन जाने कहाँ की ली."

ढेकूळ व्हरांड्यातच आहे. मी त्यावर अजून काही लिहिलेलं नाही.