माठामागची माळ

अणुचाचण्यांची बातमी टीव्हीवर आली, त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. न्हावऱ्यात आमच्या वस्तीत बुद्धवंदना नुकतीच उरकली होती आणि आत्या खिरीच्या पातेल्यापाशी पळी घेऊन उभी होती. खिरीच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. भाच्यालाही दुसरी पळी मिळायची नाही.

तेवढ्यात गावातून मिरवणूक आली. गुलाल, पेढे आणि सगळ्यांच्या पुढं दूध डेअरीचे आप्पा, हातात फटाक्यांची लांबलचक माळ घेऊन. आत्याचा एकुलता मुलगा तेव्हा फौजेत, सरहद्दीवर होता. जवानाच्या आईच्या हातून माळ लावायची, असा मान आप्पा द्यायला आले होते. मला तर छाती फुगवून कुठं उभं राहू असं झालं होतं.

आत्यानं विचारलं, "आप्पा, पलीकडच्यांकडं बी असला बाँब हाय का?"

"असू द्या की. त्यांनी टाकला तर आपण बी टाकू."

"आन् माझं पोरगं मधी."

मागून एक जण पुटपुटला, "देशाचं कौतुकच न्हाई ह्यांना."

माझं डोकं सणकलं. आत्यानं मात्र त्याच्याच हातात पहिली वाटी दिली. "पोरगं देशालाच दिलंय, बाबा. खा." मग आप्पांकडं वळून म्हणाली, "माळ ठिवा माझ्याकडं. आज पुनवंला न्हाई लावायची. त्यो घरी आला की लावते."

आप्पांनी मुकाट्यानं माळ दिली. गुलालाच्या हातांनी सगळ्यांनी खीर खाल्ली. त्यातल्या काहींनी आमच्या वस्तीत पहिल्यांदाच काही तोंडात घातलं असेल. अशी बाई आपली आत्या आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

घरात दारूगोळा, पेट घेतला तर काय, म्हणून तिनं ती माळ पाण्याच्या माठामागं ठेवली. ही अक्कल तिलाच सुचावी.

थोड्याच दिवसांत पलीकडच्यांनीही चाचण्या केल्या. पुढच्या उन्हाळ्यात लढाई पेटली. पुण्यावर बाँब पडला तर घोडनदीपर्यंत झळ येईल का, यावर डेअरीवर चहा पिता पिता चर्चा चालायची. आत्या दूध घालून गपचूप घरी यायची. माठ भरताना मागं हात घालून माळ चाचपायची.

दिवाळीला मुलगा धडधाकट घरी आला. आप्पा स्वतः भेटायला आले. आत्यानं माळ अंगणात पसरली आणि उदबत्ती लावली. वात फुसफुसली, जरासा धूर निघाला आणि विझली. पुन्हा लावली, तरी एक फटाका वाजेल तर शपथ.

आप्पा दुसरी माळ आणायला उठले. आत्यानं त्यांना थांबवलं. मुलाच्या पाठीवर तिचा हात होता.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा. आपली बी आन् पलीकडच्यांची बी, अशीच सादळून जाऊ दे."