गिलोटिन

मी सातवी शिकलेला, रेल्वेत रूळ ठोकणारा माणूस. सोडाला वस्तीतल्या वरच्या मजल्यावरच्या घरी बायको टीव्हीवर लोकसभा लावायची. एकदा बजेटच्या दिवसांत ‘गिलोटिन’ हा शब्द आला. कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुलीनं सांगितलं, फ्रान्समध्ये मुंडकं उडवायचं ते यंत्र, एका डॉक्टरच्या नावावरून तसं नाव पडलं. लोकसभेत वेळ संपली की उरलेल्या खात्यांचा खर्च चर्चा न करताच मताला टाकतात, त्यालाही तेच म्हणतात.

"मतलब, तुझ्या बाबांसारखं!" बायको म्हणाली.

मला शब्द आवडला. ती वाद घालायला लागली की मी हात वर करून ‘गिलोटिन’ म्हणायचो आणि ती हसून गप्प बसायची. घरात रीतच पडली.

मी रिटायर झाल्यावर ती म्हणाली, "अहो, भुसावळला बहिणीजवळ राहायला जाऊ. मी तिथं..." मी हात वर केला. त्या दिवशी ती हसली नाही. विषयही परत काढला नाही. त्याच थंडीत ती वारली.

तेराव्याला तिची बहीण म्हणाली, "दाजी, ताईनं खोली बघून ठेवली होती. तळमजल्याची. तुम्हाला जिना चढवत नाही म्हणून."

एवढंच सांगायचं होतं बायकोला त्या दिवशी. ऐकून घेतलं असतं तर माझं काय बिघडलं असतं?