सकाळी दहाला दुपारचे दोन

एके काळी आमच्या गच्चीवर सकाळी दहा वाजता दुपारचे दोन वाजत असत. याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

इंटरनेट नवंनवं होतं तेव्हा. ऑफिस सुटलं की मी द्वारका चौकाजवळच्या सायबर कॅफेत तासभर बसायचो आणि विज्ञान फुकट शिकवणाऱ्या वेबसाइटचे पत्ते डायरीत उतरवायचो. बेडूक न कापता बेडूक शिका, घरबसल्या ग्रह बघा, असे बावीस पत्ते जमले. (माझं शिक्षण बी.कॉम. बेडूक मी लांबूनच पाहिलेला.) कॉलनीत भेटेल त्याला मी ही यादी वाचून दाखवायचो. माझी स्कूटर दिसली की लोक दुसऱ्या गल्लीत वळायला लागले.

सई, माझी मुलगी, आठवीत होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिचं नाव दरवर्षी शेवटच्या क्षणी गळायचं. यंदा काही झालं तरी तालुक्याला जायचंच, असं तिनं ठरवलं होतं. आईच्या आवळासुपारीसाठी उन्हावर चालणारी वाळवणाची पेटी करायची होती तिला.

"आवळे कसले वाळवतेस? सूर्यघड्याळ कर. डायरीत अकरावा पत्ता. सगळं आयतं."

"पण बाबा, आमचे सर पेटीला हो म्हणालेत."

"सरांना इंटरनेट येतं का?"

सईनं पेटीच्या आकृतीचा कागद घडी करून दप्तरात ठेवला. मला वाटलं, पटलं.

प्लायवूडची फळी, मधे पत्र्याचा त्रिकोण, कडेनं आकडे. बाराचा आकडा दक्षिणेला ठेवा, असं त्या पानावर लिहिलं होतं. ठेवला. सावली पडली उत्तरेला, जिथं एकही आकडा नव्हता!

माझी बायको नंदा शेजारीच आवळासुपारीची ताटं सरकवत होती. "अहो, आकडे उलटे मांडलेत तुम्ही. मी रोज टाकीची सावली बघून ताटं हलवते. सकाळी ती त्या कठड्याकडे असते, बाराला जिन्याकडे आणि मग इकडे."

"नंदा, हे विज्ञान आहे. आवळे नाहीत."

मग मी माझी अक्कल चालवून अख्खी फळीच फिरवली. बरोबर बाराला सावली बारावर आली. मी पेढे आणले, कॉलनीत वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घड्याळात दोन वाजले.

शेजारचे देवरे तात्या, मूळचे कळवणचे, पेढा खाऊन बसलेले असल्यामुळे घड्याळ बघायला वर आले. बराच वेळ बघून म्हणाले, "भाऊ, घड्याळ लय भारी हे. फक्त सूर्य चुकतोय."

"बाबा, आईचं ऐका ना," सई रडकुंडीला आली. "आकडे इकडचे तिकडे करू या."

"वेबसाइटवर तसं नाहीये." मी मनगटी घड्याळ बदलून पाहिलं. होकायंत्र आणलं. बिल्डिंगच वाकडी बांधली असेल, असंही बिल्डरला फोन करून सुनावलं. आकड्यांना मात्र हात लावू दिला नाही.

प्रदर्शनात परीक्षक अकरा वाजता आमच्या उन्हात मांडलेल्या टेबलापाशी आले. सूर्यघड्याळ एक दाखवत होतं.

"एक वाजला? मग जेवायचं कधी?" एक परीक्षक हसून म्हणाले.

सईनं मान खाली घातली. मी पालक असूनही पुढे झालो. "सर, इंटरनेटवरून घेतलंय," म्हणत त्या पानाची प्रिंट त्यांच्या हातात दिली. त्यांनी खालची ओळ वाचली.

"अहो, ही ऑस्ट्रेलियातली शाळा आहे. तिकडे सूर्य उत्तरेकडून जातो. हे घड्याळ तिकडे अगदी बरोबर चालेल."

सईचं नाव गळलं. परत येताना ती फळी मांडीवर धरून स्कूटरवर मागे बसली. रडली असती तर बरं वाटलं असतं. पोरीचं वर्ष मी माझ्या हौसेपायी घालवलं होतं आणि ते तिला परत कुठून आणून द्यायचं, हे बावीसपैकी एकाही पत्त्यावर नव्हतं.

पुढच्या वर्षी तिनं वाळवणाची पेटी केली. सावली कधी कुठे असते, हे आईला विचारून विचारून. गेली तालुक्याला! मी मागच्या रांगेत उभा राहिलो, तोंड उघडलं नाही. सगळे पांगल्यावर टेबलावरची तिची वही हळूच उघडली.

'मार्गदर्शक' यापुढे लिहिलं होतं, आई.

मी पान उलटलं. कुठेतरी आपणही असू, अशी वेडी आशा. आणि होतो! सईच्या सुवाच्य अक्षरात माझं पूर्ण नाव होतं.

'आलेल्या अडचणी' या मथळ्याखाली.