ड्रिल मशीन आणि आईचा पुढं आलेला हात

मंडळी, आज दुपारी आईनं एका वाक्यात माझा हट्ट मोडला.

काल परभणीच्या बाजारातून नवी ड्रिल मशीन आणली. दुकानदार जड, महागडीच दाखवत होता. मी हाताला पेलेल तीच घेतली. माझे वडील, अण्णा, असंच निवडायचे. आज त्यांच्याच पत्र्याच्या खोलीत फळीला भोक पाडायला बसले. ओढणी मागं बांधली, चष्मा लावला. बटण दाबणार तोच आईनं समोर तळहात धरला.

"बांगड्या काढ. अंगठी बी."

"आई, एकच तर भोक पाडायचंय!"

"तुझ्या अण्णायला बी एकच पाडायचं असायचं."

झालं. लहानपण डोळ्यांपुढं उभं राहिलं. मशीनला हात लावायच्या आधी अण्णा घड्याळ आणि अंगठी काढून आईकडं द्यायचे. अंगठी ती स्वतःच्या अंगठ्यात घालायची आणि मशीन थांबेपर्यंत दारातून हलायची नाही. कुणी हाक मारली तर तिथूनच ओरडायची, "थांबा, मशीन चालू हाय!"

आजही ती दारातच उभी राहिली. भोक पडलं, जरा तिरकंच. "आधी बोर्डातली पिन काढ," म्हणाली आणि मगच माझ्या वस्तू परत दिल्या.

तुमच्या घरी अशा वेळी अंगठी कुणाच्या हातात जायची?

दवाखान्यात ऑपरेशनला आत नेताना अण्णांनी सवयीनं अंगठी काढून आईकडं दिली होती. ती अजून तिच्या अंगठ्यातच आहे.