न घेणारे हसूदादा

हसूदादा आमच्या घरी कधी चहा प्यायले नाहीत. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून खेकड्यांची पिशवी पुढे करायची, "मास्तर, चिंबोऱ्या हायेत, जित्त्या हायेत, बेतान धरा," असं बजावायचं आणि 'बसा' म्हणेपर्यंत निघून जायचं. बायकोने कधी डब्यातून लाडू पाठवले, तर दुसऱ्या दिवशी तो डबा शेवग्याच्या शेंगांसकट परत. शेवटी आम्ही काही पाठवणंच सोडलं, कारण रोज शेंगांची आमटी खाऊन मुलं कंटाळली होती.

उरणकडचा आगरी माणूस. मिठागरं होती तोवर मिठागरात राबले, पुढे बंदरावर ट्रेलर चालवला. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मासळी-मटण बंद. आणि हेच दादा ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून गावासाठी चिंबोऱ्या पकडायचे. मी एकदा छेडलं, "दादा, माळेला हे चालतं का?"

"माल गल्यान हाय मास्तर, हातान नाय."

मी शाळेत गणित शिकवलं, पण हा माणूस मला कधी सुटला नाही.

मग त्यांच्या मूत्रपिंडावर गाठ निघाली. लघवीतून रक्त जाऊन जाऊन ते आधीच पांढरे पडले होते. पनवेलच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, ऑपरेशन मोठं आहे. रक्त द्यावं लागेल."

"देतो की," दादा बाही वर सरकवत म्हणाले. "क्यांपला दर साली द्यायचो. किती पायजे?"

बाई हसल्या, मीही हसलो. द्यायचं म्हणजे ते तुम्हाला देणार, तुम्ही घ्यायचं, असं मी समजावलं. तशी बाही खाली आली.

"मना नको."

बाईंना कारण सांगितलं ते माळेचं. "देनाऱ्यान मटन खाल्ला असंल तं? ता माझे आंगान येल." मी वैतागलो. म्हटलं, तुमचं रक्त आजवर मटण खाणाऱ्यांना गेलं, ते काय माळकरी झाले? घरी दादांनी बायकोला, सुमनवहिनींना, निराळंच सांगितलं, "रगत कुनाचा ता सांगत नाय. मंग परत कुनाला करू?" आणि मी फारच खोदून विचारलं तेव्हा कसनुसं हसून म्हणाले, "मास्तर, कारन मनाच म्हाईत नाय. पन नको." यातलं खरं कुठलं, ते मला आजही कळलेलं नाही.

बाई चिडल्या नाहीत. लोहाची इंजेक्शनं सुरू केली, ऑपरेशन जरा पुढे ढकललं. पण धोका स्वच्छ सांगितला, "मी जपून करीन. पण मोठी शीर फाटली तर रक्ताशिवाय माझ्या हातात काही उरणार नाही. तुम्ही टेबलावरच जाल." दादांनी मान डोलावली आणि बाईंच्या समोरच वहिनींकडे वळले. "मी गुंगीन असताना तू हा बोलशील. बोलू नको. शबूद दे." वहिनींनी दिला.

ऑपरेशनच्या दिवशी बाई मधेच बाहेर आल्या. कपाळावर घाम होता. "रक्त थांबत नाहीये. त्यांनी नको म्हटलंय, ते मी मोडणार नाही. पण नंतर तुमच्याशी ते काही वेगळं बोलले असतील, त्यांचं मन बदललं असेल, तर आत्ता सांगा."

म्हणजे एक खोटं बोललं की पुरे होतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. 'हो म्हणा' असं ओरडावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी वहिनींना दिलेला शब्द मोडायला लावणारा मी कोण, असंही वाटत होतं. वहिनी बाईंकडे वळल्या. "नाय. नकोच बोलले ते."

दादा गेले.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनी ओट्यावर येऊन बसल्या. मग विचारलं, "मास्तर, मी हा बोलले अस्ते, तं ते माझ्याशी बोलले अस्ते का?"

मला खोटा धीर देता आला असता. पण दादांना ओळखून होतो. म्हटलं, "नसते बोलले, वहिनी."

त्यांनी मान हलवली.

"नस्ते बोलले. पन अस्ते तरी."