डुकरिणीची शेगडी

माझं बाळ गेलं त्याच हिवाळ्यात आमची डुकरीण पहिल्यांदा व्याली. कळमनुरी रस्त्याला यांनी नवंनवं शेड टाकलं होतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, डुकरिणीचं बाळंतपण अगदी माणसासारखं केलं. दार बंद, पोत्यांचे पडदे, खाली सोयाबीनचं कुटार, आणि ती आडवी व्हायची तिथेच निखाऱ्यांची शेगडी. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतात ना, तशीच.

पिल्लं उबेला तिच्या अंगालगत झोपायची. ती धपकन अंग टाकायची. खालचं पिल्लू ओरडायचं, मग थांबायचं. सकाळी मी घमेलं घेऊन आत जायचे आणि मेलेली पिल्लं उचलायचे. हिचं काळीज दगडाचं आहे, असं शेजारणी म्हणायच्या. दगड तरी कुठला? तिथं काहीच नव्हतं. घमेलं रिकामं करून, हात धुऊन मी चहा ठेवायचे.

पुढच्या वेळीही पिल्लं अशीच गेली तर यांनी शेड मोडायचं ठरवलं होतं. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. शेगडीची जागा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. ऊब आईजवळ असेल तर पिल्लं तिथेच पडणार आणि चेंगरणार, म्हणाले. शेगडी लांबच्या कोपऱ्यात न्या, मध्ये आडवा पाइप बसवा. पिल्लं खालून जातील, आई जाणार नाही. दूध प्यायला येतील आणि झोपायला परत जातील.

"काहून वो?" आत्याबाई उसळल्या. "मायपासून लेकरू तोडायचं?"

दवाखान्यातही त्या हेच म्हणाल्या होत्या. माझं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं. तिथल्या डॉक्टरीणबाई काचेच्या पेटीत ठेवू म्हणत होत्या. आत्याबाईंनी कुणाचं ऐकलं नाही, बाळाला आणि मला घरी आणलं. मायेची ऊब पुरते, म्हणाल्या. पुरली नाही.

पाइप मी उभं राहून बसवून घेतला. आत्याबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. डुकरीण पुन्हा व्याली. पिल्लं पोटभर प्यायली, धडपडत पाइपाखालून गेली आणि कोपऱ्यात एकमेकांवर पडून झोपली. दुसऱ्या सकाळी सगळी जिवंत होती. त्यानंतरही एकही चेंगरलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. शेड राहिलं, एवढंच मनात आलं.

एका दुपारी आत्याबाई शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. झोपलेल्या पिल्लांकडे बराच वेळ बघत होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "दवाखान्यातली ती बाई बराबर बोलत व्हती का गं?"

न्हाई म्हटलं असतं तर म्हातारी सुखानं झोपली असती. तेवढी माया माझ्यात उरली नव्हती.

"व्हय," मी म्हणाले.